लष्करी तळावरचा घातक कचरा: निविदेपासून निळी प्रत हातात येईपर्यंत

बदली होऊन नव्या टेबलावर बसलात आणि चार्ज देणारा जाता जाता म्हणाला, "शेडमागच्या बॅरलचं तेवढं बघा." फाईल उघडली तर आत मुदत संपलेल्या कराराची झेरॉक्स, उत्तर न दिलेलं एक पत्र आणि पेन्सिलने लिहिलेला कुणाचा तरी फोन नंबर. वर्कशॉप असो, डेपो असो, एमईएसचं (लष्करी बांधकाम-देखभाल खात्याचं) ऑफिस असो नाहीतर धावपट्टीशेजारचं युनिट असो, या कामाची सुरुवात बहुधा अशीच होते.

हा लेख त्या नव्या माणसासाठी आहे. तो सिव्हिलियन कारकून असेल, सुभेदारसाहेब असतील किंवा नुकताच आलेला कॅप्टन. हे काम घेऊ पाहणाऱ्या छोट्या व्यावसायिकानेही वाचायला हरकत नाही; पलीकडच्या टेबलावर काय तपासलं जातं ते कळलं की कागद त्याप्रमाणे लावता येतात.

आधी कायद्याचं बोलू. घातक व इतर कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे नियम ४ एप्रिल २०१६ रोजी आले, आणि त्यात लष्कराला सरसकट सूट नाही. ज्याच्या आवारात कचरा तयार होतो तो 'भोगवटादार'. नुकसान झालं तर नियम २३ भोगवटादार, वाहतूकदार आणि विल्हेवाट लावणारा, सगळ्यांनाच धरतो. "आम्ही कंत्राट दिलं होतं" हे उत्तर तिथे चालत नाही. पर्यावरण संरक्षण कायद्यातला दंड आता दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत आहे, आणि उल्लंघन सरकारी खात्याकडून झालं तर खातेप्रमुखाला एका महिन्याच्या मूळ पगाराइतका दंड बसू शकतो. हे शेवटचं वाक्य साहेबांच्या नोटिंगमध्ये पहिल्या परिच्छेदात घाला. फाईल लवकर हलते.

तेव्हा निविदेतलं प्रत्येक कलम लिहिताना एकच प्रश्न समोर ठेवायचा: माल शेवटी कुठे गेला याचा पुरावा माझ्या फाईलला कोण लावणार, आणि कधी? तो पुरावा म्हणजे निळी प्रत: माल पोहोचल्यावर विल्हेवाट लावणाऱ्याकडून तुमच्याकडे परत येणारी वाहतुकीच्या कागदाची प्रत.

१. तळावर फिरा, यादी करा

ऑफिसात बसून यादी होत नाही. एमटी (लष्करी वाहनांचं) गॅरेज, पेंट शॉप, बॅटरी रूम, जनरेटर, पीओएलची (इंधन-वंगणाची) टाकी, सबस्टेशन, सगळीकडे स्वतः जा. काय निघतं ते विचारा, पण उत्तरावर थांबू नका, स्टोअरचं इश्यू रजिस्टर बघा. समजा वर्षात दोन हजार लिटर इंजिन ऑइल इश्यू झालं आणि शेडमध्ये तीनशे लिटर वापरलेलं ऑइल आहे. इंजिनात थोडं जळतं, थोडं गळतं, हे मान्य. बाकीचं कुठे गेलं ते विचारायला हवं.

यादीतल्या प्रत्येक मालासमोर नियमांच्या अनुसूची १ मधला क्रमांक लिहा. तळावर नेहमी लागणारे थोडेच आहेत. वापरलेलं ऑइल ५.१. ऑइल फिल्टर आणि इतर तेलकट अवशेष ५.२. इंधनाच्या टाकीच्या तळाचा गाळ ३.३. वापरून झालेले थिनर आणि सॉल्व्हंट २०.२. घातक रसायनांची रिकामी बॅरल ३३.१ आणि तेलकट चिंध्या, कॉटन वेस्ट ३३.२. सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ ३५.३. जुन्या बराकींवरचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे उतरवायचे असतील तर त्यांची नोंद वेगळी. हे क्रमांक पुढे परवान्यात, निविदेत, लेबलावर आणि वाहतुकीच्या कागदावर जसेच्या तसे यावे लागतात. एका जागी चुकला की सगळीकडे अडतं.

२. जे या कंत्राटात येत नाही ते आधी बाहेर काढा

सगळ्यात आधी दारूगोळा. मुदत संपलेला दारूगोळा, फ्यूज, प्रोपेलंट (गोळा पुढे ढकलणारी दारू) यांतलं काहीही घातक कचऱ्याच्या निविदेत घालू नका. ते ऑर्डनन्सच्या (शस्त्र-दारूगोळा विभागाच्या) तज्ज्ञांचं काम आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुनी स्फोटकं नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण गेले. मृतांमध्ये कंत्राटदाराने आणलेले मजूर होते, आसपासच्या गावांतले. रोजावर आलेल्या माणसाला पेटीत काय आहे हे कोणी नीट सांगतं का, हा प्रश्न त्या दिवसापासून या कामातल्या प्रत्येकाच्या मनात असायला हवा. दारूगोळ्याचं भंगार, म्हणजे रिकामी खोकी, काडतुसांच्या नळ्या, देताना 'स्फोटकमुक्त' असल्याचं सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर गाडी भरायची नाही, वरून कितीही घाई असली तरी.

लष्करी रुग्णालयाचा आणि एमआय रूमचा (युनिटच्या दवाखान्याचा) जैववैद्यकीय कचरा वेगळ्या नियमांखाली येतो. सैन्यदलांसाठी तिथला प्राधिकारी प्रदूषण मंडळ नसून सशस्त्र सेना वैद्यकीय सेवेचे महासंचालक आहेत. तो कचरा याच गाडीत टाकू नका.

बॅटऱ्यांचं जरा गुंतागुंतीचं आहे. २०२२ च्या बॅटरी नियमांतून शस्त्रास्त्रं, युद्धसामग्री आणि खास लष्करी कामासाठीच्या उपकरणांतल्या बॅटऱ्या वगळल्या आहेत. पण ऑफिसच्या यूपीएसची किंवा जनरेटरची बॅटरी लष्करी आवारात आहे म्हणून 'लष्करी' होत नाही. माझं मत विचाराल तर शंका आली की नियम लागू आहेत असं धरूनच चालावं. वगळलेली बॅटरीसुद्धा अधिकृत रिसायकलरकडे दिली तर तुमचं काही बिघडत नाही; उलट झालं तर उत्तर द्यावं लागतं.

जुन्या दिशादर्शक यंत्रांच्या, गेजच्या अंधारात चमकणाऱ्या तबकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. किरणोत्सारी वस्तू या नियमांतच येत नाहीत. असं काही सापडलं तर बाजूला, कुलपात ठेवा आणि वर कळवा.

आणि ट्रान्सफॉर्मर. सबस्टेशनमधल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल हे विषारी रसायन) असू शकतं. २०१६ च्या आदेशाने त्याच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची मुदत होती. रिसायकलरकडे जाणाऱ्या वापरलेल्या ऑइलमध्ये पीसीबी किलोमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी हवं, अशी नियमांची अट आहे. एका ट्रान्सफॉर्मरचं तेल गॅरेजच्या टाकीत ओतलं की अख्खी टाकी विकण्यालायक राहत नाही, आणि जे तेल पैसे देऊन जाणार होतं ते जाळायला तुम्हालाच पैसे मोजावे लागतात. आधी चाचणी, मग ओतणं.

३. बॅरल नीट ठेवा

हे कंत्राटदाराचं काम नाही, तुमचं आहे. आणि इथेच पैसे वाचतात.

पावसाळ्यात उघड्यावर उभं ठेवलेलं बॅरल बघा. वरच्या झाकणाच्या कडेला एक बोटभर काठ असतो, त्यात पाणी साचतं आणि ढिल्या बुचातून थेंब थेंब आत जातं. चार महिन्यांत तळाशी पाण्याचा थर जमतो. विल्हेवाटीचा दर किलोवर असतो, म्हणजे तुम्ही पावसाचं पाणी तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात नेऊन जाळायचे पैसे देता. रोज भरायचं बॅरल छपराखालीच हवं. भरून सील केलेलं बॅरल जागेअभावी बाहेर ठेवायचीच वेळ आली तर आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असं. आणि वर ताडपत्री.

जमीन सिमेंटची, कडेला बांध, उतार एका खड्ड्याकडे. ॲसिड आणि सॉल्व्हंट शेजारी नकोत. प्रत्येक बॅरलवर फॉर्म ८ चं लेबल: चमकदार पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, हिंदी, इंग्रजी आणि मराठीत, पाण्याने न जाणारं. भरायला सुरुवात केल्याची तारीख घाला. साठवणुकीची मुदत ९० दिवस आहे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असेल तर मंडळ १८० दिवसांपर्यंत परवानगी देऊ शकतं, पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

लेबल नसलेली जुनी बॅरल सापडतीलच. अंदाजाने नाव लिहू नका. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून नमुना तपासून घ्या. फुगलेल्या बॅरलचं बूच उघडायला कोणाला सांगू नका.

४. स्वतःचा परवाना बघा

कंत्राटदाराचे कागद मागण्याआधी आपले. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्राधिकारपत्र आहे का, कुठल्या क्रमांकांसाठी आहे, वर्षाला किती टनांचं आहे, मुदत कधी संपते? नसेल तर फॉर्म १ भरून अर्ज करा. एका तळावर अनेक युनिटं असतात आणि प्रत्येकाला वाटतं की परवाना दुसऱ्याच्या नावावर आहे. भोगवटादार कोण हे स्टेशन मुख्यालयाकडून लेखी ठरवून घ्या. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्याच नावावर करार आणि त्याचीच वाहतुकीच्या कागदावर सही. यात सरमिसळ झाली की मंडळाच्या पोर्टलवर माल 'पाठवणारा' एक आणि पैसे देणारा दुसरा, असा घोळ होतो.

५. पैसे देणारा माल आणि पैसे खाणारा माल

वापरलेलं ऑइल, शिशाच्या बॅटऱ्या, स्वच्छ केलेली बॅरल विकली जातात. चिंध्या, रंगाचा गाळ, मुदत संपलेली रसायनं यांना पैसे द्यावे लागतात. पहिला गट लिलावाचा: संरक्षण खात्याचं भंगार बऱ्याचदा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून जातं. दुसरा गट सेवेच्या निविदेचा, आणि ती जेममधून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून).

दोन्ही एकत्र करून "निव्वळ शून्य खर्च" असा करार करायचा मोह होतो. करू नका. ऑइल आणि बॅटऱ्या पहिल्या आठवड्यात उचलल्या जातात, गाळाची बॅरल "पुढच्या ट्रिपला" म्हणत तिथेच राहतात. लिलावातही बोली लावणारा अधिकृत रिसायकलर हवा, नुसता भंगारवाला नको. सगळ्यात जास्त भाव देणारा माणूस वापरलेलं ऑइल कुठे नेतो ते विचारा. भट्टीत जाळणारे गिऱ्हाईक चांगला भाव देतात.

६. निविदा लिहिणं

दर क्रमांकागणिक वेगळा मागा. "सर्व घातक कचरा, प्रति किलो" असा एकच दर मागितला की जाळायचा महागडा माल मागे ठेवून स्वस्तातला उचलला जातो. दरात काय काय धरलंय ते लिहून घ्या: पॅकिंग, हमाली, वाहतूक, सुविधेवरची (म्हणजे कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्रावरची) पहिली सविस्तर चाचणी, विल्हेवाट. कमीत कमी किती वजनाला गाडी येणार तेही. सुविधेच्या दारात पुन्हा झटपट चाचणी होते. माल नमुन्याशी जुळला नाही म्हणून गाडी परत आली तर भाडं कोणाच्या माथी, हे आधीच ठरवा.

महाराष्ट्रात घातक कचऱ्याच्या सामाईक सुविधा तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, गोव्यात पिसुर्ल्याला. शेवटच्या विल्हेवाटीसाठी माल दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल तर दोन्ही मंडळांची ना-हरकत लागते, त्यामुळे शक्यतो राज्यातलीच सुविधा धरा. निविदा भरणारे बहुतेक जण सुविधेचे मालक नसतात, मधले असतात: एक ट्रक, एक ऑफिस आणि सुविधेचं पत्र. ते वाईटच असतात असं नाही. पण पत्र ताजं आहे का, त्यात तुमच्या तळाचं नाव आणि तुमचे क्रमांक आहेत का ते बघा, आणि सुविधेला आपल्या ऑफिसातून फोन करून खात्री करा. त्यांनी दिलेल्या नंबरवर नको, सुविधेच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर.

आता एल-वनची, म्हणजे सगळ्यात कमी बोलीची, गोष्ट. सगळ्यात कमी दर असलेल्याला काम द्यायचं हे खरं, पण दर शक्य आहे का ते तपासायची मुभा तुम्हाला असते. सुविधेचा स्वतःचा दर मागवा, त्यात किलोमीटरप्रमाणे भाडं आणि हमाली मिळवा. येणाऱ्या बेरजेपेक्षा निविदेतला दर कमी असेल तर तो माणूस तोट्यात धंदा करणार किंवा माल तिथे पोहोचवणार नाही. पहिली शक्यता मला अजून कुठे दिसलेली नाही. दराची फोड लेखी मागा. बऱ्याचदा तेवढ्यावरच माणूस मागे हटतो.

कागदावर भरवसा ठेवून काय होतं याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. लुइझियाना राज्यातल्या कॅम्प मिंडेनमध्ये तोफेच्या गोळ्यांचं एम-६ प्रोपेलंट निकामी करण्याचं काम लष्कराने २०१० मध्ये ८६ लाख डॉलरला एका खाजगी कंपनीला दिलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथे स्फोट झाला. पोलीस आत गेले तेव्हा सुमारे दीड कोटी पौंड प्रोपेलंट पडून होतं, काही तर इमारतींबाहेर उघड्यावर. शेजारचं डॉयलिन गाव रिकामं करावं लागलं. माल विकल्याची प्रमाणपत्रं मात्र लष्कराकडे जात होती, आणि ती खोटी होती. कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली, मालकांवर खटले झाले, आणि तो साठा जाळायला सरकारला पुन्हा खर्च करावा लागला. महिन्यातून एकदा कोणी आवारात जाऊन पोती मोजली असती तर हे इतकं वाढलं नसतं. म्हणून करारात अचानक भेटीचा हक्क ठेवा. कंत्राटदाराच्या गोदामात आणि सुविधेवर, दोन्हीकडे.

७. गेट

साधी कंत्राटं इथेच अडकतात. मजुरांच्या पोलीस पडताळणीला आठवडे लागतात, ऐन वेळी ड्रायव्हर बदलतो, गाडीचा नंबर पासवर वेगळा निघतो. करारात पर्यायी ड्रायव्हर आणि पर्यायी गाडी यांची नावं आधीच घ्या. ड्रायव्हरच्या लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद हवी.

जीपीएसचा पेच ठरलेला. मंडळाला गाडीवर जीपीएस हवं, सुरक्षेला तांत्रिक भागात ते नको. उपाय सोपा आहे: गेटजवळ एक जागा ठरवा, बॅरल आपल्याच गाडीने तिथपर्यंत आणा आणि बाहेरची गाडी तिथूनच भरा. मोबाईल गेटवर जमा होणार, म्हणून भरतानाचे फोटो परवानगी घेऊन युनिटच्या कॅमेऱ्यानेच काढा. भरण्याआधी खोक्यांवरचे स्टेन्सिल, युनिटची चिन्हं, उपकरणांच्या पट्ट्या काढल्या आहेत ना ते बघा. चिंध्यांच्या पोत्यात कागद सापडतात. हार्ड डिस्क तर या कचऱ्यात यायलाच नको.

८. उचलण्याचा दिवस आणि सात रंग

गाडीचं रिकामं आणि भरलेलं वजन, दोन्ही चिठ्ठ्या आपल्या हातात. मग फॉर्म १० चं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद, सात प्रतींत. पांढरी तुम्ही मंडळाला पाठवायची. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन तुमच्याकडे ठेवायची. उरलेल्या पाच गाडीबरोबर जातात: गुलाबी सुविधेकडे राहते, केशरी वाहतूकदाराला मिळते, हिरवी सुविधा मंडळाला पाठवते, निळी तुमच्याकडे परत येते आणि करडी माल दुसऱ्या राज्यातला असेल तर तिथल्या मंडळाला. आता बरंचसं पोर्टलवर होतं, पण रंगांचा हिशोब डोक्यात असला की कुठली नोंद अडकली ते लगेच कळतं. गाडीत आणीबाणीची माहिती देणारं फॉर्म ९ चं कार्ड आहे का बघा, आणि ड्रायव्हरला ते वाचून दाखवायला सांगा.

९. बिल

पिवळ्या प्रतीवर पैसे देऊ नका. पिवळी एवढंच सांगते की माल गेटाबाहेर गेला. निळी प्रत आली, तिच्यावरचं वजन तुमच्या चिठ्ठीशी जुळलं, आणि विल्हेवाटीचं प्रमाणपत्र लागलं, की बिल पुढे पाठवा. ही अट निविदेतच ठळक असली पाहिजे. नंतर घातली तर वाद होतो आणि तो वाद कंत्राटदार जिंकतो. वजनात किती फरक चालेल तेही आधीच लिहा, कारण दोन काट्यांत थोडा फरक पडतोच. कंत्राटदारांचंही एक ऐका: निळी प्रत आल्यावर बिल टेबलावर पडून राहिलं तर पुढच्या वेळी चांगला माणूस निविदाच भरत नाही आणि उरतात ते स्वस्तातले.

प्रत्येक फेरीची नोंद फॉर्म ३ मध्ये त्याच दिवशी करा. फॉर्म ४ चं वार्षिक विवरण ३० जूनच्या आत जातं. रोजची नोंद असेल तर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

१०. सांडलं, पेटलं तर

फोन नंबर शेडच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा: फायर, एमआय रूम, ड्यूटी ऑफिसर, मंडळाचं प्रादेशिक कार्यालय, सुविधा. अपघात झाला की मंडळाला ताबडतोब कळवायचं आणि मागोमाग फॉर्म ११. वाळूच्या बादल्या, शोषक पॅड आणि एक रिकामं मोठं बॅरल कायम तयार ठेवा. वापरलेली वाळूही घातक कचराच, ती बागेत टाकायची नाही.

११. करार संपायच्या आधी

नवी निविदा निघून, मंजूर होऊन, पास तयार होईपर्यंत सहज चार-पाच महिने जातात, आणि ९० दिवसांचं घड्याळ तुमच्या निविदेसाठी थांबत नाही. म्हणून करार संपायच्या सहा महिने आधी नवी नोट टाका आणि चालू करारातच मुदतवाढीचं कलम ठेवा. जुन्या कंत्राटदाराची अनामत परत करण्याआधी तीन गोष्टी मोजून घ्या: सगळ्या निळ्या प्रती, सगळे गेट पास आणि त्याने आणलेली, अजून आपल्या शेडमध्येच पडलेली रिकामी बॅरल.